आईंनी सोडलेली द्राक्षं

फोन आला तेव्हा मी इराच्या डब्यासाठी द्राक्षं कापत होते. उभी कापत होते, एकेकाचे चार तुकडे. इरा सात वर्षांची आहे. सात वर्षांच्या घोडीला द्राक्षं कापून द्यायची काही गरज नसते, तिच्या वर्गातली बाकीची पोरं अख्खे घड घेऊन येतात, हे सगळं मला कळतं. पण आमच्या घरात द्राक्षं कापूनच दिली जातात, कारण आईंनी तसं ठरवून ठेवलं होतं आणि आईंनी ठरवलेलं मोडायची आमच्यापैकी कुणाची टाप नव्हती. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तेव्हा सांगलीला गेल्या होत्या, भाच्याच्या लग्नासाठी. फोन माझ्या दिरांचा, समीरभाऊजींचा. "वहिनी, दादा आहे का जवळ?" एवढंच म्हणाले, आणि कळायचं ते मला कळलं... निखिल अंघोळीला गेला होता. मी सुरी खाली ठेवली. "मला सांगा," म्हटलं. "आई गेली, वहिनी. लवकर आडवी झाली होती, गोळी द्यायला उठवायला गेलो तर..." बाहेर शेजाऱ्यांची गाडी सुरू होत होती, इरा एक मोजा घालून दुसरा शोधत होती. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही.

त्याला आता महिना होऊन गेला. सासूवर लेख लिहितेय म्हटल्यावर पुण्याची माझी मैत्रीण फोनवर खो खो हसली. "चांगला की वाईट?" म्हणाली. बाई गं, दोन्ही. सात वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेल्या दोन बायकांमध्ये नुसतं चांगलं कसं असेल? मिक्सर कुठं ठेवायचा यावरून आमच्यात जे युद्ध झालं त्याचा तह अजून झालेला नाही. पण मी आज हे लिहायला जिवंत आहे, त्यात ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरात ठाण मांडून बसलेल्या त्या बाईचा वाटा मोठा आहे. आणि त्यातला एक भाग तर मला त्या गेल्यावर समजला.

आईंचं माहेर तासगावजवळचं, द्राक्षबागेचं. त्यामुळं द्राक्षाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी सांगलीला गेले तेव्हा पुण्याहून हौसेनं द्राक्षं घेऊन गेले होते. त्यांनी एक तोंडात टाकलं, जरा घोळवलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे की पाणी." मला इतका राग आला होता! नंतर स्वतःच्या हातानं माहेरच्या बागेतला घड माझ्यासमोर ठेवला आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. साल दाताखाली आली पाहिजे पण जाणवली नाही पाहिजे, हे ज्ञान मला तेव्हा झालं. माझी आई मी कॉलेजात असताना गेली, त्यामुळं असं कुणी समोर बसून मला खाऊ घातल्याला बरीच वर्षं लोटली होती. रागाचं काय झालं ते आठवत नाही, घड मात्र मी एकटीनं संपवला.

आम्ही दोघं २०११ मध्ये ऑकलंडला आलो. निखिल रस्ते-पूल बांधणारा इंजिनिअर, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. पुढच्याच वर्षी मला दिवस गेले. उलट्या अशा की पाण्याचा घोटसुद्धा टिकेना. लवकरच्या स्कॅनला तिथली मुलगी म्हणाली, आत दोन पिशव्या असाव्यात असं वाटतंय, पण अजून फार लवकर आहे, पक्कं काही सांगत नाही, पुन्हा बघू. त्या अख्ख्या वाक्यातलं निखिलनं फक्त "दोन" ऐकलं. बाहेर गाडीपाशी पोचायच्या आत सांगलीला फोन! आईंनी मग गल्ली, नातेवाईक, भजनी मंडळ, कुणाला म्हणून सोडलं नाही. आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत ब्र काढत नाहीत, हे सुनांना शिकवणाऱ्या बाई स्वतः सगळीकडे सांगत सुटल्या. "उलट्या होणारच की, जुळी आहेत," मला फोनवर समजावलं, आणि मिळेल त्या विमानानं निघाल्या. विमानतळावर त्यांचे अळीव काढून घेतले. बियाणं देशात आणता येत नाही म्हणे. आई मराठीत भांडल्या, तो अधिकारी इंग्रजीत, आणि दोघांचं एकमेकांना सगळं कळत होतं असं निखिल सांगतो.

त्या आल्या आणि त्याच आठवड्यात पुढचा स्कॅन होता. मला तोवर थोडं थोडं अंगावरून जायला लागलं होतं. स्कॅन करणारी मुलगी मध्येच उठून बाहेर गेली. मग दुसरी कुणी आली. मग आम्हाला हॉस्पिटलात पाठवलं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन गोल काढले. एका गोलात बाळ होतं, त्याचं हृदय चालू, त्याची वार वेगळी, सगळं जिथल्या तिथं. दुसऱ्या गोलात बाळ नव्हतंच. तिथं नुसती वार वाढत सुटली होती, पाण्याच्या फुग्यांसारखी, एकाला एक लागून. "लाइक अ बंच ऑफ ग्रेप्स," त्या म्हणाल्या. मराठीत ह्याला द्राक्षगर्भ म्हणतात हे मला मागाहून कळलं. एकटा असला तर तो काढून टाकतात आणि विषय संपतो. पण शेजारी जिवंत बाळ असलं की काय करायचं? त्यांनी काही लपवलं नाही. रक्तस्राव कधीही होईल, अचानक होईल. रक्तदाब चढेल, थायरॉइड बिघडेल. बाळ टिकेलच असं नाही, टिकलं तर फार लवकर जन्माला येईल. आणि पुढं ते द्राक्षाचं पीक रक्तातून फुप्फुसात जाऊन बसलं तर कॅन्सरवर देतात तसली औषधं द्यावी लागतील. आता थांबायचं की पुढं जायचं, हे तुम्ही ठरवा. तुम्ही जे ठरवाल त्यात आम्ही तुमच्याबरोबर आहोत.

आई कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना फारसं येत नसलं तरी तो एक शब्द बरोबर कानात गेला. "ग्रेप्स म्हणाली का गं ती?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली. 

घरी आल्यावर निखिल रडला. मी नाही रडले, मला नुसता राग येत होता. कुणावर ते माहीत नव्हतं. "आई, तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. खरं म्हणजे मी विचारलं नाही, त्यांच्या अंगावर ओरडलेच. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं ठरवा. दोन्हीकडं माझं हो आहे." हे काय उत्तर झालं? मला कुणीतरी जवळ घेऊन म्हणायला हवं होतं, पोरी, तुला काही होऊ देणार नाही आम्ही. माझी आई असती तर म्हणाली असती. मी म्हटलं, हृदय चालू आहे त्याचं, मी पुढं जाणार. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि फोन घेऊन मागच्या अंगणात गेल्या. आमच्या इथं अंगणात छत्रीसारखी फिरणारी कपडे वाळत घालायची दांडी असते, तिच्याखाली उभ्या राहून त्या बराच वेळ कुणाशी तरी बोलत होत्या. मला खिडकीतून दिसत होतं. सांगत असतील, मी मनात म्हटलं, नातवंड ठेवायचं ठरलं एकदाचं, घाला देवाला साकडं. 

दुसऱ्या दिवशी निखिलनं बाजारातून द्राक्षं आणली होती, बिचाऱ्याला एवढंच सुचलं, आईला आवडतात म्हणून. त्यांनी ताटली बाजूला सरकवली. "मी सोडलीत," म्हणाल्या. आमच्याकडे काशीला गेलं की आवडतं फळ सोडून येतात, तसं. "कधी?" "काल." "कुणासाठी?" असं विचारायची गरजच नव्हती. पुढं इथल्या मराठी मंडळातल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, आजीनं नातवंडासाठी काय कडक नवस बोललाय बघा! आई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आणि मला... आता लिहूनच टाकते. मला ते कौतुक ऐकलं की आत काहीतरी टोचायचं. बाळ मलाच सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं, तो हट्ट माझाच. पण मरणाच्या दारात मी उभी होते, आणि ह्या घरात माझ्यासाठी कुणी एक मनुकाही सोडलेला नाही, असं वाटायचं. गरोदर बाईच्या मनात काय काय येतं त्याला काही धरबंध नसतो, पण हे मूल झाल्यावरही गेलं नाही.

पुढचे महिने म्हणजे आज रक्त तपासा, उद्या स्कॅन, परवा रक्तदाब. सुईनं पाणी काढून तपासलं, बाळाची गुणसूत्रं ठीक निघाली. थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. आमची मिडवाइफ हिने नावाची माओरी बाई होती, धिप्पाड आणि हसरी. ती आल्या आल्या "किया ओरा, आजी!" करायची आणि आई "किया ओरा, बाई, चहा घेणार ना?" असं शुद्ध मराठीत विचारायच्या. ह्या सगळ्यात आईंनी एक काम अंगावर घेतलं होतं. सांगलीत जेवढ्यांना जुळी सांगितली होती त्या प्रत्येकाला फोन करून ते परत घेणं. हे काम माझ्यावर पडलं असतं तर मी जीव दिला असता. सोफ्यावर पडल्या पडल्या मी ऐकायचे. "हां, अगं एकच आहे. ... नाही गं, गेलं बिलं काही नाही, नव्हतंच. ... आता काय सांगू, इथली मशिनं जुनी आहेत. दोन दिसतात." सगळ्या न्यूझीलंड देशाची त्यांनी बेअब्रू केली, पण माझ्यापर्यंत एकही चुकचुकणारी आत्या पोचू दिली नाही.

रक्तस्राव झाला तो पाचव्या महिन्यात, दुपारी, मी भांडी लावत असताना. आई माझ्याबरोबर अॅम्ब्युलन्समध्ये बसल्या. त्यांच्या पायात घरातल्या जांडल्स होत्या, स्वयंपाकघरात वापरायच्या त्या सपाता, आणि पदराला पिठाचे हात पुसलेले. रक्त चढवलं, थांबलं. परत घरी, परत एकदा दवाखाना. मग सातव्या महिन्यात रक्तदाब असा चढला की डोळ्यापुढं काजवे चमकायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बास, आज बाळ बाहेर काढायचं. इरा पोट फाडून काढली, तळहातावर मावेल एवढी. पण रडली! आधी चिमणीएवढा आवाज आला आणि मग चांगलं भोकाड. निखिल सांगतो, आईंना बाळ बघायला बोलावलं तर त्या म्हणाल्या, "आधी मुग्धाकडं जाते." मी शुद्धीत येत होते तेव्हा पायाशी बसून त्या माझे पाय चोळत होत्या. "पाय गार आहेत हिचे," असं कुणाला तरी सांगत होत्या. मला वाटलं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, आत सोडत नसतील, म्हणून बसल्यात इथं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. दर आठवड्याला रक्त तपासायचे, गरोदरपणाचा जो अंश रक्तात असतो तो उतरत उतरत शून्यावर जायला हवा होता. उतरला, उतरला, आणि मग थांबला. मग वर चढायला लागला. मूल बाहेर आलं होतं आणि ती द्राक्षं माझ्या आत अजून धरत होती. औषध सुरू करायचं ठरलं. त्याचा अर्थ अंगावरचं दूध बंद. नुकतं कुठं इराला दवाखान्यातून घरी आणलं होतं, नुकती ती ओढायला शिकली होती. ह्यावर मी जी रडले ती आतापर्यंतचं सगळं मिळून रडले. आमची मिडवाइफ हिने म्हणाली, दूध आटायला कोबीची गार पानं छातीवर ठेवतात. "कोबी?" आईंनी मला तीनतीनदा विचारलं. "भाजीचा कोबी? नक्की तसंच म्हणाली ना ती?" मग स्वतः जाऊन दोन गड्डे घेऊन आल्या, फ्रिजमध्ये गार केले, पानांच्या शिरा लाटण्यानं दाबल्या आणि पानं मला बांधली. इंडियन दुकानातून नव्यानं आणलेले अळीव मुकाट्यानं वरच्या फळीवर सरकवले. "दूध म्हणजे आई नव्हे गं," असं म्हणाल्या. "आमच्या निखिलला मी वरचं पाजलं. तुला काय वाटलं, मीच काय ती सवत्स धेनू?" मी रडता रडता हसले. उरलेल्या कोबीची संध्याकाळी भाजी केली, टाकून कशाला द्यायचा म्हणून.

औषधाचा एक फेरा झाला आणि पुढच्या इंजेक्शनच्या आधी तपासलेल्या रक्तात यकृताचे आकडे भलतेच चढलेले. इंजेक्शन थांबवलं. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, कारण इकडे औषध थांबलं की तिकडे ती द्राक्षं फोफावणार. त्यांनी विचारलं, ह्याशिवाय तुम्ही दुसरं काही औषध घेता का? मी म्हटलं, नाही. अगदी खरं म्हणून सांगितलं. कारण बाळंतकाढा हे माझ्या लेखी औषध नव्हतंच! सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर आई वाटीत काढा द्यायच्या, तो बाळंतपणाचा भाग होता, धुरी-शेकासारखा. त्याला कुणी औषध म्हणतं का? आई नेहमीप्रमाणं पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यात. "काय विचारलं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काढा सांगितलास का?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. कापडी पिशवीतून एकेक काढून टेबलावर मांडलं. काढ्याच्या बाटल्या, शतावरीचा डबा, सुंठीच्या वड्या, कसलंसं चूर्ण, डिंकाचा लाडूसुद्धा. "हे सगळं मी हिला दिलंय," मला म्हणाल्या. "तिला सांग. कुठलं चालत नाही ते तिनं दाखवावं. पाहिजे तर लाडू खाऊन बघावा." काढा मुरवून केलेला असतो, त्यात आपोआप मद्य तयार होतं, आणि त्या औषधाबरोबर ते यकृताला घातक. शिवाय आत आणखी काय काय उकळलंय ते कोण तपासणार? डॉक्टरीणबाईंनी बाटल्या आणि चूर्ण एका बाजूला केलं. लाडवाला परवानगी मिळाली. मला भीती वाटत होती, आई आता मनाला लावून घेणार, रुसणार, तिकीट काढा म्हणणार. आमच्या नात्यातल्या एकीनं तर म्हटलंच असतं, पिढ्यान् पिढ्या घेत आलो, आम्हाला काही झालं नाही ते. आईंनी घरी येऊन सगळ्या बाटल्या एकामागून एक सिंकमध्ये ओतल्या. घरभर वास सुटला. "बाईच्या भल्यासाठीच असतो ना काढा?" म्हणाल्या. "भल्याचा नसेल तर गेला मोरीत." मग नळ सोडून सिंक घासत राहिल्या. घासताना पाठमोऱ्या होत्या, आणि पाठ हलत होती. मी हाक मारली तर "थांब गं, डाग पडतात ह्याचे," म्हणाल्या.

यकृताचे आकडे उतरले, इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली आणि ह्या खेपेला तो गरोदरपणाचा आकडा खाली जाऊन खालीच राहिला. महिन्यामागून महिने रक्त देत राहिले. ज्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता तुम्ही यायची गरज नाही, त्या दिवशी निखिलनं पुन्हा द्राक्षं आणली. आता नवस फिटला, खा म्हणाला. आईंनी ताटली परत सरकवली. "सोडली म्हणजे सोडली. तो काय मोबाइलचा प्लॅन आहे, महिना संपला की परत सुरू?" 

आणि तेव्हापासून त्यांचा तो प्रकार सुरू झाला. इरा बसायला, खायला लागली तेव्हा घरी येणाऱ्या नर्सनं दाखवलं की लहान मुलांना द्राक्षं उभी चिरून द्यायची, अख्खी किंवा आडवी कापलेली घशात अडकतात. द्राक्षात जन्म गेलेल्या बाईला हे नवीन होतं. त्यांनी ते विद्या घेतल्यासारखं घेतलं. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात फळांचं ताट दिसलं की त्या पर्समधून छोटी सुरी काढायच्या. "उभं कापा, उभं! आडवं कापून पोरांना मारताय का?" बायका पळायच्या त्यांना बघून. पण कापायच्या आधी द्राक्षं चाखायला हवीत ना? ते काम माझं. एक अख्खं द्राक्ष माझ्या हातावर ठेवायच्या. "खा. सांग." मी खायचे. "गोड आहेत." "नुसतं गोड काय? साल?" "पातळ." "बी?" "नाही." "गोडी लगेच येते का मागून येते?" कोर्टात साक्ष काढावी तशी साक्ष काढायच्या. मी चांगली आहेत म्हटलं की स्वतःच खाल्ल्यासारखा चेहरा समाधानी व्हायचा. आंबट आहेत म्हटलं की ठरलेलं वाक्य, "मग त्या दुकानातनं परत आणायची नाहीत." ह्या हिशेबानं आमची माउंट रॉस्किलमधली सगळी दुकानं बाद होऊन आम्ही न्यू लिनपर्यंत पोचलो होतो. मी कधी कामाच्या घाईत असले की वैतागायचे. अहो आई, तुम्हीच खाऊन बघा ना एकदाचं! त्या हात पुढं करून उभ्याच. "तू खा. मला तुझ्याकडूनच ऐकायचंय."

पुढं त्यांचे कागद झाले आणि त्या इथल्याच झाल्या. आजी बोलायची तासगावचं, नात बोलायची माउंट रॉस्किलचं. "इरा, जेवायला ये गं." "आजी, आय अॅम नॉट हंग्री यट." "भूक नाही कशी? सकाळपासनं काय खाल्लंस?" "हीप्स!" म्हणजे इथल्या बोलीत ढीगभर. असा अखंड संवाद चालायचा. एकाही वाक्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही. आणि एक गोष्ट त्यांनी मला कधी विचारली नाही. मंडळातल्या एका बाईनं हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर विचारलं, "मग मुग्धा, दुसऱ्याचं काय?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "दुसरं झालं होतं की. ते नीट नव्हतं. आता पुरे. वाण घ्या." ती बाई पुन्हा आमच्याकडे हळदीकुंकवाला आली नाही.

फोन आला त्या दिवशीच आम्ही तिघं निघालो, पण अंत्यदर्शन मिळालं नाही. तेराव्यानंतर तासगावला मामींकडे गेलो. मामी म्हणजे आईंच्या भावजय. त्यांच्याच मुलाचं लग्न, मांडव अजून पुरता उतरला नव्हता. द्राक्षाचा हंगाम, बागेत घड लोंबत होते. मामींनी माझ्यापुढं ताटली ठेवली आणि डोळ्याला पदर लावला. "लग्नात म्हटलं वन्संना, आता तरी एक खा, आपल्या बागेची आहेत. ऐकतील तर ना." मी म्हटलं, "इराचा नवस होता ना, मामी. फार जीव त्यांचा तिच्यावर." मामींनी डोळ्याचा पदर काढला. "इराचा? कुणी सांगितलं तुला?"

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी त्या अंगण झाडत होत्या तेव्हा न्यूझीलंडहून वन्संचा फोन आला. आधी काही बोलणंच होईना, नुसतं रडणं. मग म्हणाल्या, पोरीनं बाळ ठेवायचं ठरवलंय, मी अडवू शकत नाही, तिचा जीव आहे, तिचा हट्ट आहे. माझ्या तोंडून 'नको' गेलं तर जन्मभर म्हणेल, सासूनं माझं मूल घालवलं. हो म्हटलं आणि तिला काही झालं तर मी कुठं जाऊ? "म्हणाल्या, वहिनी, तू साक्षी आहेस, मी आजपासून द्राक्षं सोडली. बाळ येईल न येईल, देवाची मर्जी. ही आईवेगळी पोर माझ्या घरात आलीय, ही राहायला पाहिजे." मामींनी ताटली माझ्याकडे सरकवली. "तुझ्यासाठी होता गं तो. पोरीचा नव्हता."

मी तिथं एक द्राक्षसुद्धा खाऊ शकले नाही. सात वर्षं मी माझ्याच नवसावर रुसून बसले होते... आणि ती बाई रोज माझ्या तळहातावर द्राक्ष ठेवून मला खायला लावत होती, आणि मी वैतागत होते. एकदा तरी सांगायचं होतंत ना, आई? पण ज्याच्यासाठी बोलला त्याला सांगितलं तर नवस फळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला माहीतच आहे ते.

परत आलो. मिक्सर अजून त्यांनी ठेवला तिथंच आहे, मी हलवलेला नाही. काल न्यू लिनहून द्राक्षं आणली. सकाळी डबा भरताना त्यांच्या छोट्या सुरीनं कापायला घेतली. इरा टेबलाशी बसून दूध पीत होती. मी एक अख्खं द्राक्ष बाजूला काढलं, तळहातावर ठेवलं आणि खाल्लं. साल पातळ होती. बी नव्हती. गोडी मागूनसुद्धा आली नाही.

"आंबट आहेत हो, आई," मी मोठ्यानं म्हणाले.

इरानं मान वर केली नाही. पेला खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि ह्या पोरीनं, जी मला कधी मराठीत उत्तर देत नाही तिनं, म्हटलं, "मग त्या दुकानातनं परत आणायची नाहीत."